जावेनं विचारलं तेव्हा

आमची आई एसटीत कंडक्टर होती. तासगाव-सांगली मार्गावर तिची जरब होती. पिऊन चढलेल्या उतारूला ती मधल्या रानात उतरवायची, आमदाराच्या मेव्हण्याला राखीव सीटवरून उठवायची, आणि ती एकदा नाही म्हणाली की विषय संपायचा. हीच बाई घरात शिरली की लोण्यासारखी मऊ व्हायची. भाजी कुठली करायची? "तुमास्नी आवडंल ती." टीव्हीवर काय लावू? "लाव काय पण." साडी कुठल्या रंगाची आणू? "आन की तुला बरी दिसंल ती." तिला स्वतःला कुठला रंग आवडतो, हे मला कधीच कळलं नाही. मला वाटायचं, तिला आवडनिवड नसेलच.

आता एसटीत कंडक्टर राहिलेच नाहीत. दारातली पट्टी चेहरा ओळखते आणि भाडं परस्पर वळतं होतं. आई त्या नोकरीतल्या शेवटच्यांपैकी एक. निवृत्त होताना तिनं घरी एकच सवय आणली. कुणी बाहेर निघालं की ती दाराच्या चौकटीवर दोनदा टकटक करायची. डबल बेल. गाडी सोडा. माझ्या लग्नात मांडवातून निघालेल्या गाडीच्या टपावरही तिनं दोनदा थाप मारली होती आणि मगच ती रडली होती.

निवृत्तीनंतर तिच्या हातातून पेला निसटायला लागला. मग जिना चढवेना, मग बोलणं जड झालं. निदान झालं ते मोटर न्यूरॉनच्या आजाराचं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवते, त्यामुळे नातेवाइकांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी सांगायची, मेंदूकडून स्नायूंकडे निरोप नेणाऱ्या तारा एकेक करून मरत जातात. विचार करणारा मेंदू शाबूत राहतो, पण त्याचा हुकूम कुणापर्यंत पोचत नाही. शेवटी श्वासाचे स्नायूही ऐकेनासे होतात. यावर इलाज नाही.

हे सगळं माहीत असताना आईला वेळेत विचारायला हवं होतं की पुढं काय करायचं. आम्ही विचारलंही. ती काय म्हणाली असेल, हे सांगायची गरज नाही. "तुमास्नी बरं वाटंल ते करा."

तिचा श्वास अडकला तेव्हा मी परीक्षेच्या सुपरव्हिजनवर होते. धाकट्या भावानं, विश्वजितनं, तिला उचलून मिरजेच्या इस्पितळात नेलं आणि गळ्याशी छिद्र पाडून नळीनं व्हेंटिलेटर लावायला होकार दिला. मी असते तर दिला नसता. त्यानंतर काही महिन्यांत तिच्या डोळ्यांची हालचालही थांबली. आता ती उताणी पडून होती आणि तिच्या छातीचा भाता यंत्र हलवत होतं.

"ही आईची इच्छा नाही," मी विश्वजितला म्हणाले. "आयुष्यभर धावत्या गाडीत उभी राहिलेली बाई आहे ती. असं पडून राहणं तिला सोसणारच नाही."

"तुला लई कळतंय गं तिचं," तो म्हणाला. विश्वजितचं बेदाण्याचं कोल्ड स्टोअरेज आहे, माणूस हिशेबी आहे, पण आईपुढं त्याचा हिशेब चालत नाही. "ती ऐकतीय, ताई. मी आलो की तिचे ठोके बदलतात. जित्या बाईची नळी काढू म्हणतीस?"

आमच्यात वितुष्ट यायची वेळ आली तेव्हा डॉक्टर कुलसुम मुजावर यांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. बाई शांत, नेमकं बोलणाऱ्या. "तुम्ही दोघं भांडताय ते कशावर? त्यांना काय हवं असेल यावर ना? मग त्यांनाच विचारू. नव्या कायद्यात तर पेशंटचा स्वतःचा शब्द सगळ्यांच्या वर आहे."

त्यांच्याकडं एक टोपी आली होती. दिसायला पोहण्याच्या टोपीसारखी, आतून बारीक दिव्यांनी भरलेली. हे दिवे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश सोडतात. तो कवटीतून आत जातो, रक्तावर आपटून परत येतो, आणि प्राणवायूनं भरलेलं रक्त कुठं धावतंय ते सांगतो. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडं असं रक्त जास्त जातं. आणि गंमत अशी, की हात प्रत्यक्ष हलवला नाही, नुसता मनात हलवला, तरी हाताचा भाग उजळतो. मनातल्या मनात ओळखीच्या घरातून फिरलो, तर जागा आणि वाटा ओळखणारा वेगळाच भाग उजळतो. मग होकारासाठी एक कल्पना, नकारासाठी दुसरी. स्नायू मेले तरी माणूस बोलू शकतो.

"होय म्हणायचं असेल तर टेनिस खेळतोय अशी कल्पना करा," टोपीतला ठरीव आवाज आईला म्हणाला. टोपीला जोडलेला पडदा कोरा राहिला. पुन्हा सांगितलं, तरी कोराच. विश्वजितचा चेहरा उतरला.

मला मात्र हसू आलं. "डॉक्टर, आमच्या आईनं रॅकेट बघितलीय ती डास मारायची. तिला तिकिटाला पंच मारायला सांगा."

डॉक्टर मुजावरांनी स्वतः आईच्या कानाशी वाकून सांगितलं, होय म्हणायचं असेल तर तिकिटांना पंच मारत सुटायचं. नाही म्हणायचं असेल तर तासगावच्या घरातून चालायचं, ओसरी, मधली खोली, स्वयंपाकघर, मागचं दार, परडं.

पडद्यावर हाताचा पट्टा असा पेटला की डॉक्टरही मागं सरकल्या. भरलेल्या गाडीत आई तिकिटं फाडत होती! विश्वजित रडला. मीही रडले. तुमचं नाव शालन का? होय. तुम्ही पुण्यात राहता का? नाही. तुम्हाला तीन मुलं का? नाही. एकही उत्तर चुकलं नाही.

मग मी खरा प्रश्न विचारला. "आई, ही नळी काढून टाकावी असं तुला वाटतं ना?"

होय.

मी विश्वजितकडं पाहिलं. मला जिंकल्यासारखं वाटलं, हे लपवत नाही. तो पुढं झाला आणि त्यानं आईचा हात धरला. "आई, तू राहणार ना अजून आमच्याजवळ?"

होय.

मी पुन्हा विचारलं. होय. त्यानं पुन्हा विचारलं. होय. शेवटी डॉक्टर मुजावरांनी आम्हाला गप्प केलं आणि सपाट आवाजात स्वतः विचारलं. उपचार चालू ठेवायचे? होय. उपचार थांबवायचे? होय.

"याला काही अर्थ नाही," त्या बाहेर आल्यावर म्हणाल्या. "नाव-गाव अचूक, पण या प्रश्नावर गोंधळ. परवानगी देणाऱ्या वैद्यकीय मंडळापुढं हे टिकणार नाही. उद्या सकाळी एकदा पुन्हा घेते, मग टोपी कोल्हापूरला जाणार आहे."

इस्पितळाच्या पार्किंगमध्ये आम्ही बहीणभाऊ असे भांडलो की वॉचमन मध्ये पडला. यंत्र बिघडलंय असं विश्वजित म्हणाला. आईचा मेंदू थकलाय असं मी म्हणाले. खरी गोष्ट दोघांच्याही नाकासमोर होती आणि दोघांनाही दिसली नाही.

ती दाखवली सिंधूकाकीनं, आणि तिला स्वतःला त्याचा पत्ताही नव्हता.

सिंधूकाकी म्हणजे आईची थोरली जाऊ. आमच्या आणि त्यांच्या परड्यामध्ये एक भिंत आहे आणि भिंतीला लागून शेवगा. बुंधा आमच्याकडं, निम्म्या फांद्या त्यांच्याकडं. त्या शेवग्यावरून दोघी भांडत, पण भांडणाचं मूळ एसटीत होतं. आई नोकरीला नवीन असताना काकी तिच्या गाडीत चढली आणि जाऊबाईचीच गाडी म्हणून ऐटीत बसली. आईनं भरल्या गाडीत तिला तिकीट काढायला लावलं. काकी ते कधी विसरली नाही आणि आईनं त्याबद्दल कधी माफी मागितली नाही. तेव्हापासून दोघी भिंतीवरून फक्त तोंडाला तोंड द्यायला बोलल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकी भेटायला आली. डॉक्टर मुजावरांनी नुकतीच आईला टोपी घातली होती. काकीनं टोपीकडं पाहिलं, यंत्राकडं पाहिलं, आणि पदर खोचला.

"काय गं शालन? निजून ऱ्हायचा चांगला धंदा काढलास! तिकडं तुज्या शेवग्याच्या फांद्या माज्या पत्र्यावर आल्या. तोडून टाकल्या मी. बरं केलं का न्हाई, बोल!"

"काकी, अगं काय हे," विश्वजित म्हणाला.

पण डॉक्टर पडद्याकडं बघत होत्या. पडद्यावर घराचा भाग धगधगत होता. आई तरातरा ओसरीतून आत शिरली होती, स्वयंपाकघर ओलांडून परड्याकडं निघाली होती. नाही. नाही. नाही.

"इतका जोरकस सिग्नल मी अजून पाहिला नव्हता," डॉक्टर म्हणाल्या.

आणि मला एकदम लख्ख दिसलं. कालपासून आईनं एकही चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. मला नळी काढायची होती, मला होय. विश्वजितला ठेवायची होती, त्याला होय. डॉक्टरीणबाई विचारतायत, कशाला नाही म्हणा, त्यांनाही होय. ती घरातली आई होती, आणि घरातल्या आईला आम्ही जन्मभर हेच करताना बघितलं होतं. यंत्र निर्दोष होतं. चूक विचारणाऱ्यांची होती. या जगात एकच माणूस असं होतं, ज्याला बरं वाटावं म्हणून आईनं कधी काही केलं नाही.

"काकी, तू विचार तिला," मी म्हणाले.

सगळं ऐकल्यावर काकी दाराशी जाऊन उभी राहिली. "मी? मी न्हाई इचारनार बाई. उद्या गाव म्हनंल, जावंनं जावंला मारली."

"आणि आई तर काकी म्हणेल त्याच्या बरोब्बर उलटं सांगेल," विश्वजित म्हणाला. "सवयच आहे ती."

हा मुद्दा बिनतोड होता, आणि तो त्यानं काढला याचं मला कौतुक वाटलं. डॉक्टर मुजावर म्हणाल्या, "तेही तपासता येईल. आधी इतर प्रश्न विचारू. खरा प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारू. पण तुम्ही दोघं खोलीत थांबायचं नाही. आणि तुम्ही बाहेर गेलाय हे त्यांना सांगायचं."

काकीनं बराच वेळ आईकडं पाहिलं. मग स्टूल ओढून बसली. "जावा तुमी. दार लावा."

आत काय झालं ते डॉक्टरांनी नंतर सांगितलं, आणि काकीनं त्यात भर घातली.

"माजी पुरनपोळी तुज्यापरास बरी हुती का?" नाही.

"तुजी लेक आमटी चांगली करती का?" नाही. (मला आई प्रत्येक वेळी 'झ्याक झालीय' म्हणायची. असो.)

"सासूबाईचं आजारपन मी एकटीनं काढलं. तू ड्यूटीवर असायचीस. मानतीस का?"

होय.

डॉक्टर म्हणाल्या, इथं काकीनं पदरानं तोंड पुसलं आणि मग घसा खाकरून विचारलं, "आता नीट ऐक. माजं मन राखू नगंस, मला गरज न्हाई त्याची. ही नळी काढायची का?"

नाही.

"मंग ऱ्हायाचं हाय?"

होय.

"पोरापायी म्हनतीस का?"

नाही.

"तुला सोताला ऱ्हायाचं हाय?"

होय.

मी बाहेर बाकावर बसून होते. डॉक्टरांनी हे तिथंच सांगितलं. मी किती ठाम होते! काल फक्त मीच विचारलं असतं, आणि विश्वजितला बाहेर पाठवलं असतं, तर आईनं मला बरं वाटावं म्हणून स्वतःचा जीव देऊन टाकला असता, साडीच्या रंगासारखा. आणि मी तिची इच्छा पुरी केली म्हणत जन्मभर सुखानं झोपले असते. मी विश्वजितचा हात धरला. त्यानं 'बघ' असं म्हटलं नाही, हे त्याचे उपकार.

"आनि घरला जायाचं म्हनती," काकी बाहेर येऊन म्हणाली. "इचारलं मी. आनि एक कबूल करून घेतलंय. पुरं झालं असं वाटंल तवा मला सांगायचं. ती हो म्हनलीया."

आई घरी आली. व्हेंटिलेटर आता सूटकेसएवढा असतो, तो उशाशी बसला. डॉक्टर मुजावरांनी खटपट करून त्यांच्या प्रकल्पातली एक टोपी आमच्याकडं ठेवली. खाट मागच्या दाराशी लावली, तिथून परडं दिसतं. आईला मान किंवा डोळे वळवता येत नव्हते म्हणून विश्वजितनं तिच्या नजरेसमोर आरसा बसवला. मी आमटी करणं बंद केलं.

आणि रोज दुपारचं जेवण झालं की सिंधूकाकी भिंतीला वळसा घालून भांडायला यायची. कोण कुणाच्या लग्नात रुसलं होतं, बंबाचं झाकण कुणी हरवलं, दिराचे कान कुणी भरले. ती एकेक आरोप करायची आणि पडद्यावर आईचं घर पेटायचं. क्वचित हाताचा पट्टा उजळायचा, मग काकी टाळी वाजवायची. "बगा, कबूल केलं!" मी शाळेपासून या दोघींच्या आवाजानं वैतागलेली, पण आता कॉलेजातून आल्यावर तो आवाज ऐकू आला की मला बरं वाटायचं. एकदा मी काकीकडून विचारून घेतलं, आईला कुठला रंग आवडतो. सगळे रंग संपत आले तेव्हा हाताचा पट्टा उजळला. जांभळा. आमच्या घरात जांभळं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी जांभळी चादर आणली.

भांडण संपलं की उठताना काकी रोज तोच प्रश्न विचारायची. "मग? हाय न्हवं अजून?" पंच. "ऱ्हा बापडी," असं म्हणून ती जायची.

द्राक्षांचा हंगाम गेला. पाऊसकाळ गेला. आईला दोनदा न्यूमोनिया झाला, दुसऱ्या खेपेला ती फार शिणली. शेवगा पुन्हा फुलावर आला.

त्या दुपारी मी स्वयंपाकघरात होते. काकी आलेली मला कळली, पण आवाज चढला नाही. मी भांडी घासायची थांबले आणि कान दिला.

"शालन," काकी हळू म्हणत होती, "दमलीस व्हय गं?"

काकीला आईशी अशा आवाजात बोलताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. पडदा बघायची गरजच नव्हती. तरी काकीनं ठरल्याप्रमाणं दोन्ही बाजूंनी विचारलं, थांबून पुन्हा विचारलं, दुसऱ्या दिवशीही विचारलं. उत्तर बदललं नाही, आता पुरं. डॉक्टर मुजावर येऊन गेल्या, मंडळाचे डॉक्टर येऊन गेले. त्रास होणार नाही अशी औषधं कशी द्यायची, ते सगळं ठरलं.

ठरलेल्या दिवशी डॉक्टर मुजावर आल्या तेव्हा विश्वजित बाहेर ओसरीत होता. काकीनंच त्याला हाक मारली. मग ती आईच्या कानाशी वाकली. "मला सांगून भागायचं न्हाई, शालन. मी काय, परकी. पोरगा बसलाय समोर. त्याला तू सांग. आमदाराच्या मेव्हन्याला सांगत हुतीस तसं सांग."

विश्वजित आईजवळ बसला. इस्पितळात धरला होता तसाच हात धरला. मला त्याच्याऐवजी विचारावंसं वाटलं, पण हा प्रश्न त्याचा होता.

"आई," तो म्हणाला, "राहतेस ना अजून? माझ्यासाठी?"

पडदा थोडा वेळ कोरा राहिला. मी मनात म्हणाले, ही पुन्हा होय म्हणणार. पोराला नाही म्हणणं हिला जमलेलं नाही.

मग घराचा भाग हळूच उजळला.

आई ओसरीत आली होती. नाही म्हणायला काही क्षण पुरतात, यंत्राला तेवढे बास होतात, आणि यंत्रानं बारीक आवाज करून उत्तर मिळाल्याचं सांगितलंही. पण उजेड मावळला नाही. आई चालतच होती. मधल्या खोलीतून, जिथं आम्ही अभ्यासाला बसायचो. स्वयंपाकघरातून. ती घाईत नव्हती. आम्ही तिघं आणि डॉक्टर बसून राहिलो, कुणीच टोपीचे दिवे बंद केले नाहीत. मागच्या दारातून ती आमच्या अंगावरून परड्यात गेली असणार, भिंतीपर्यंत, शेवग्यापर्यंत. मग उजेड आपसूक शांत झाला.

विश्वजितनं आईचा हात जांभळ्या चादरीवर ठेवला आणि तो उठला. डॉक्टरांकडं बघून त्यानं होकारार्थी मान हलवली.

मग मागच्या दाराच्या चौकटीवर त्यानं दोनदा टकटक केली.